खंडेनवमीचा हिरवा ठिपका

डोळे मिटायची गरज नाही, बाळांनो. उघड्या डोळ्यांनीच माझ्याबरोबर एका खोलीत या. चपला बाहेर काढा, आत धूळ चालत नाही. वर पत्रा, खिडक्यांना जाळी, भिंतीला लागून संगणकांची रांग. शाळा सुटायची वेळ झालीय. मुलींचं टायपिंग अजून चाललंय, आणि एवढ्यात कुणीही बटणाला हात न लावता पहिला संगणक बंद होतो. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. रांगच्या रांग विझत जाते.

"मॅडम, भूत!" एक मुलगी किंचाळते.

"भूत नाही गं," तिच्या शेजारची सुगंधा म्हणते. "घैसास सर आहेत."

सगळ्या हसतात. तुम्हीही हसा, मला चालेल. त्या वेळी मीही हसले होते.

आमची शाळा कुंभारखिंडीत, बाजाराच्या गावात. संस्थेच्या अशा बऱ्याच शाळा डोंगरपट्ट्यात विखुरलेल्या होत्या आणि मुख्य कार्यालय शहरात. तिथे केदार घैसास नावाचा एक तरुण बसायचा. सगळ्या शाळांचे सगळे संगणक तो आपल्या खुर्चीतून सांभाळायचा. त्याच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये तो कामं नेमून ठेवी. शाळा सुटली की संगणक बंद करायचे. रविवारी ते आपोआप चालू करून व्हायरस शोधायचे. कुणी पेन ड्राइव्ह लावला तर तो उघडू द्यायचा नाही. एकदा नेमलं की पुन्हा सांगायला नको. आपल्या शाळेच्या घंटेला टोला द्यायला माणूस लागतो. ही घंटा आपली आपण वाजायची, शाळेला सुट्टी असली तरी.

मी हे मुलींना समजावलं तेव्हा सुगंधानं विचारलं, "आणि मॅडम, आपण काय सांगून ठेवलंय ते घैसास सर विसरले तर?"

"तरी काम होतंच."

"बाई गं!" ती म्हणाली. "माझ्या आईसारखंच. तीपण सकाळी सांगितलेलं संध्याकाळी विसरते, पण मला करावंच लागतं."

सुगंधा तारू सातवीत होती. तिची आई मालन सुकी मासळी विकायची. सोमवारी एका गावचा बाजार, मंगळवारी दुसऱ्या गावचा, असं आठवडाभर डोक्यावर पाटी. वडील नव्हते. वर्गातल्या मुली चिडवायच्या, "नाव सुगंधा आणि दप्तराला बोंबलाचा वास!" त्यावर ती दप्तर पुढे करून म्हणायची, "फुकट आहे, पोटभर घे."

मालनची हाक सगळ्या बाजारांत प्रसिद्ध होती. गुरुवारी आमच्या गावचा बाजार भरला की ती आमच्या वर्गात ऐकू यायची आणि मुलींची मान आपोआप खिडकीकडे वळायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता ती हाक घोगरी झाली, मग फाटली. शहरातल्या डॉक्टरांनी गाठ निघाल्याचं सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, म्हणाले, पण आवाज जाईल, कायमचा.

हे मला सुगंधानं संगणक प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून सांगितलं, अगदी सरळ आवाजात, पाठ केल्यासारखं. मग म्हणाली, "मामा म्हणतो, मुकी बाई धंदा कसा करणार? पोरीला बसव पाटीवर. रोज निराळं गाव म्हणजे शाळा बंदच की, मॅडम."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, मी जित्ती असेपर्यंत ही पाटीवर बसायची नाही." मग ती एक पाऊल आत आली. "मॅडम, भंगारवाला येतो ना, त्याच्या गाडीवर डबा असतो. त्यात त्याचा आवाज भरलेला असतो. तो बिडी ओढत बसतो आणि डबा ओरडतो."

मला कळायच्या आधीच तिचं सगळं ठरलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती आईला घेऊन आली. मालननं चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मी कोपऱ्यातल्या संगणकाला माइक जोडला होता. तो तिच्या तोंडासमोर धरला तर ती मागे सरकली.

"बाई, हे चावत तर न्हाई?"

"आई, बोल की!"

"काय बोलू ह्याच्याशी? गिऱ्हाईक हाय का ते?"

"मला गिऱ्हाईक समज," मी म्हणाले. "बोंबील चांगले नाहीत वाटतं आज?"

मालनची मान ताठ झाली. "चांगलं न्हाईत? नाकाला पडसं झालंय का बाई तुमच्या?" आणि मग तो घोगरा, फाटका आवाज खोलीभर असा उठला की पत्रा थरथरला. "बोंबील घ्याऽऽ, सुकट घ्याऽऽ! भाजून खा, तळून खा, सासूला न सांगता खाऽऽ!"

पडद्यावर हिरव्या लाटा उंच उंच उठल्या. मुख्याध्यापक शिंत्रे सर धावत आले, दारात थांबले आणि हसू दाबत परत गेले.

मग दोघी रंगल्याच. भाव सांगायचा आवाज. घासाघीस करणाऱ्याला गप्प करायचा आवाज. "उद्या ये, आज संपलं" म्हणायचा आवाज. सुगंधा प्रत्येकाला वेगळं नाव देऊन पडद्यावर समोरच ठेवत होती. शेवटी म्हणाली, "आता मला हाक मार."

"समोर तर बसलीस."

"डब्यासाठी नाही. माझ्यासाठी. रागानं मार."

"राग आल्याबिगर कशी मारू?"

सुगंधानं टेबलावरची पाण्याची बाटली मुद्दाम पाडली.

"सुगेऽऽ! भवाने, हात मोडले का तुझे?"

"झालं!" सुगंधा टाळ्या वाजवत म्हणाली. "आता लाडानं."

पडद्यावरची रेष सपाट धावत राहिली. मग अगदी हलकेच, माइकला नाही तर मुलीला, ती म्हणाली, "सुगू." लाट एवढीशीच उठली. सुगंधानं तीही जपून ठेवली.

त्या संगणकातून आवाज बाहेर काढायचा तर पेन ड्राइव्ह हवा आणि पेन ड्राइव्हला बंदी. इंटरनेट होतं, पण त्यावरून काही पाठवायलाही कार्यालयाची बंदी. माझा फोन तेव्हा साधा, नुसता बोलायचा. सोमवारी मी घैसासला फोन केला.

"मॅडम, पेन ड्राइव्ह एका दिवसापुरता उघडून देतो, काही प्रश्न नाही," तो म्हणाला. मुलगा गोड होता, कधी आवाज चढवायचा नाही. "फक्त सचिव साहेबांची सही लागते आणि ते दौऱ्यावर आहेत. पण एक मिनिट, फाइल ठेवलीय कुठे?"

"समोरच. डेस्कटॉपवर."

पलीकडे खुर्ची करकरली.

"मॅडम, शुक्रवारी रात्रीच मी एक नवीन काम सोडलंय. सगळ्या शाळांत गाणी, सिनेमे भरून ठेवलेत पोरांनी. तपासणी येतेय. प्रत्येक संगणकाचा डेस्कटॉप साफ करायचं काम आहे. रविवारी ते सगळीकडे चाललं."

मी प्रयोगशाळेकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. "आमच्याकडे शनिवारी संध्याकाळपासून लाइटच नाही. संगणक बंदच आहेत."

"देव पावला," तो म्हणाला. "मग तुमच्याकडचं काम अडकून राहिलंय. पण अडकलेलं काम जात नाही हं मॅडम. संगणक चालू झाला, नेटला लागला की पहिल्यांदा तेच करणार. मी तसंच नेमलंय, नाहीतर शाळा मुद्दाम बंद ठेवतात. तुम्ही तो संगणक चालू करू नका. तुमच्या यंत्राला मी यादीतून वगळतो."

"आत्ता वगळशील?"

"आत्ता सर्व्हर बदलायचं काम चाललंय. कंपनीची माणसं आलीत, त्यांनी मलाच कुलूप लावलंय. दोन-चार दिवस द्या."

त्यावर कुणाला काम करू देऊ नका, एवढं मी शिंत्रे सरांना सांगितलं. कोपऱ्यातल्या संगणकावर जाड अक्षरांत कागद चिकटवला: चालू करू नये. वायर काढून ठेवावी असं मनात आलं आणि काढलीही. सुगंधाला सांगायला गेले तर घराला कडी. मायलेकी शहरात दवाखान्यात गेल्या होत्या. ऑपरेशन ठरल्यापेक्षा आधीच घेतलं होतं.

दोन-चार दिवसांचे जास्त झाले. नवरात्र बसलं. शेवटी खंडेनवमीच्या सकाळी मी एसटी पकडून मुख्य कार्यालयातच जाऊन बसले. तिथे पूजेची गडबड चालली होती. झेरॉक्सच्या मशीनला झेंडूचा हार, प्रिंटरवर हळदीकुंकू. घैसासच्या कपाळालाही कुंकू लागलेलं.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "सर्व्हर कालच सुरू झाला आणि सहीपण आणलीय. बसा, तुमच्यासमोरच करतो."

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. डाव्या बाजूला शाळांची नावं, प्रत्येक नावाखाली संगणक, प्रत्येक संगणकापुढे एक ठिपका.

"करडा म्हणजे बंद. हिरवा म्हणजे चालू," तो म्हणाला, मी मुलींना समजावते तसंच. "हे बघा तुमचं कुंभारखिंड. सगळे करडे. हा तुमचा कोपऱ्यातला, नाव बघून घ्या. आता याच्यावर क्लिक करायचं, इथे वगळा म्हणायचं, मग..."

ठिपका हिरवा झाला.

मी म्हणाले, "हे काय?"

घैसासचा हात माउसवरच थांबला. मग तो पटापट काहीतरी दाबू लागला. ठिपक्यापुढे 'प्रलंबित' असं लिहिलेलं होतं, तिथे 'चालू आहे' आलं.

"थांबव ना!"

"थांबवतोय मॅडम, थांबवलंय, पण निरोप पोचायला..."

मी फोन लावला. शाळेत फोनची घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. शिंत्रे सरांनी उचलला तेव्हा मागून आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

"सर, कोपऱ्यातला संगणक! वायर ओढा! आत्ताच्या आत्ता!"

"काय? ऐकू येत नाही. अहो, पूजा चाललीय. सुगंधा आलीय बघा दवाखान्यातून, मामाबरोबर. झेंडू घेऊन आलीय पोरगी, स्वतः ओवलेला हार. म्हणते, आईचा आवाज यात आहे, याची पूजा मीच करणार."

"सर, वायर ओढा!"

"काम कुणी करत नाहीय हो त्यावर. कागद वाचला मी. फक्त पूजेपुरती वायर लावलीय. बंद यंत्राला कुंकू कसं लावायचं? दिवा तरी दिसायला हवा ना. आणि तिला एकदा हाक ऐकायची होती, आई आता बोलत नाही तर..."

घैसासनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर एकच शब्द होता: 'पूर्ण'.

"सर," मी म्हणाले, "तिला ऐकू आली का?"

सरांनी फोन बाजूला धरला असावा. टाळ्या थांबल्या होत्या. मग ते म्हणाले, "ती म्हणतेय, समोर ठेवलेलं काही दिसत नाहीये. कुठे हलवलंय का तुम्ही?"

घैसास बराच वेळ धडपडला. नंतर खुर्चीला टेकून म्हणाला, "नुसतं पुसत नाही मॅडम ते. वरून घासूनही काढतं. पोरं परत आणायची सिनेमे, म्हणून परत येणारच नाही अशी सोय मीच केली होती." बाहेर कुणीतरी पेढे वाटत होतं. त्याच्या टेबलावरही एक ठेवून गेलं. त्यानं तो तसाच बाजूला सारला.

दसऱ्याच्या सकाळी मी सुगंधाच्या घरी गेले. ती दारात बसून सुकट निवडत होती. मामा मालनला आणायला गेला होता.

"मॅडम, माझ्या हातानं गेलं का?" तिनं मान वर न करता विचारलं. "बटण मी दाबलं होतं."

"नाही, बाळा."

"मग सरांच्या?"

"नाही. त्यांना पूजाच करायची होती."

"मग घैसास सरांनी पुसलं?"

"त्यांनी ते काम आधीच सांगून ठेवलं होतं. तुझ्या फाइलची त्यांना कल्पनाच नव्हती. कल्पना आल्यावर ते थांबवत होते."

ती काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कुणीच काही केलं नाही. आणि गेलं."

मुलांनो, मी आयुष्यभर मुलांना समजावत आले. भागाकार अडला तर चिंचोके मांडून समजावला, ग्रहण लागलं तर चेंडू आणि दिवा घेऊन. त्या दिवशी त्या अंगणात मात्र मी तिच्याशेजारी बसले आणि सुकट निवडू लागले.

मालन परतली. गळ्याला पांढरं फडकं, त्याखाली श्वासाचं छिद्र. ती आता हाक मारायची म्हणजे ताटलीवर बोट वाजवायची. संगणकातला आवाज पुसला गेल्याचं तिला कुणी कसं सांगितलं मला ठाऊक नाही. मी भेटले तेव्हा तिनं नुसता माझा हात धरला आणि मान हलवली. ओठ हलले. मला वाचता आले नाहीत. सुगंधालाही आले नाहीत. तिनं विचारलं, "काय? आई, काय?" मालननं पुन्हा ओठ हलवले, पुन्हा कुणाला कळलं नाही, आणि तिनं हात झटकून विषय सोडून दिला.

घैसासनं भंगारवाल्याकडे असतो तसा डबा पाठवला होता, स्वतः जाऊन आणलेला, पेन ड्राइव्हसकट. तो घेऊन मी सुगंधाला म्हणाले, "तुझ्या आवाजात भरू. हाक तीच. तू शाळेत ये, डबा आईजवळ राहील."

तिनं डबा उलटासुलटा करून पाहिला. बटण दाबलं. खरखर आली. बंद केला.

"माझा आवाज डब्यात कशाला भरायचा, मॅडम?" ती म्हणाली. "मी आहे ना अख्खी."

"शाळा?"

"आईचा आवाज असता तर आई होती पाटीवर. मी शाळेत. आता माझाच आवाज लागायचा तर मीच बसते. गिऱ्हाईक उलट विचारतं, ऐकत नाही, भांडतं. डबा काय भांडणार?" तिनं डबा माझ्या हातात परत दिला. "तुमच्या वर्गातल्या कुणाला तरी द्या."

मी पुष्कळ बोलले. सर येऊन बोलले. मालन मध्येच उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

गुरुवार आला. मी वर्ग शिंत्रे सरांवर सोपवून बाजारात गेले. मिरचीवाल्यांच्या पलीकडे, मालनच्या नेहमीच्या जागेवर पाटी मांडलेली होती. मालन मागे गोणपाटावर बसली होती, गळ्याभोवती पदर घट्ट. सुगंधा पुढे उभी. शाळेचाच निळा फ्रॉक, वर आईचं जुनं फडकं कमरेला बांधलेलं. समोरून माणसं जात होती. पाटीकडे पाहत होती, मालनकडे पाहत होती आणि पुढे जात होती.

सुगंधानं मला पाहिलं. मग तिनं तोंड उघडलं आणि हाक मारली. आवाज पातळ निघाला, मध्येच फुटला. शेजारची मिरचीवाली वळून बघायला लागली. दोन बायका थबकल्या.

मालन झटक्यात उठली. तिनं मागून येऊन मुलीच्या तोंडावर हात ठेवला, घट्ट. तिचे ओठ हलत होते आणि गळ्यावरचं फडकं आतबाहेर होत होतं. मी पुढे गेले नाही.

सुगंधा तशीच उभी राहिली, आईच्या हाताआडून श्वास घेत. मग तिनं तो हात दोन्ही हातांनी धरून खाली घेतला, पाटीच्या कडेवर ठेवला, वरून आपला तळहात दाबून धरला, आणि पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.